शेवटचें षटक आणि कप्तानाचा निर्णय

इ. स. १७६० च्या फेब्रुवारींत उदगीरच्या मोहिमेंत निजामाला तह करावयास लावून सदाशिवरावभाऊ परतले, तेव्हां त्यांच्या सेनापतित्वाचा सर्वत्र गौरव झाला. हें उदगीर हल्लीं लातूर जिल्ह्यांत असलें, तरी १९८२ पर्यंत तें उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत मोडत असे. उदगीरला पुरतें वर्ष झालें नाहीं तोंच, १४ जानेवारी १७६१ रोजीं, पानिपत घडलें. विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसून शत्रूंत शिरले, आणि अंबारी रिकामी दिसतांच फौजेचा धीर सुटला, असें सांगण्यांत येतें. हत्तीवरून उतरण्याचा तो एक निर्णय योग्य कीं अयोग्य, याचा खल महाराष्ट्रांत अडीचशें वर्षें चालूं आहे. मनुष्य तोच, बुद्धिहि तीच. परंतु उदगीरच्या भाऊंस कोणी प्रश्न विचारीत नाहीं आणि पानिपतच्या भाऊंस विचारल्यावांचून कोणी राहत नाहीं. निकालाचा रंग निर्णयावर चढतो तो असा.

रणांगणाची ही रीत क्रीडांगणासहि लागू पडते. सामना संपवून घरीं परतणाऱ्या मंडळींत, चहाच्या पेल्याभोंवतीं, शेवटच्या अर्ध्या तासांत कप्तानानें काय करावयास हवें होतें, याचा निवाडा दर वेळीं होत असतो. काठावर उभें राहून पोहणाराला शिकविण्यांत एक प्रकारची मौज आहे, आणि तिला कोणी हरकत घेऊं नये. परंतु अशा निवाड्यांचा इतिहास तपासला, तर असें दिसून येतें कीं, ज्या निर्णयाबद्दल कप्तानाला दोष मिळाला तो पुष्कळदां सदोष नव्हता, आणि ज्याबद्दल कोणी ब्रहि काढला नाहीं त्याचा आधारच कधीं कधीं कच्चा होता. तुळजापूरच्या एका तरुण गोलंदाजाच्या निमित्तानें २०२३ सालीं हा वाद पुन्हां उभा राहिला. त्याचा विचार करण्यापूर्वीं मागील कांहीं प्रसंग पाहणें इष्ट होईल.

पहिला प्रसंग पुण्याचा, १९४८ च्या डिसेंबरांतील. हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाईला त्या वेळीं अवघे तीन महिने झाले होते आणि धाराशिव जिल्हा निजामी अंमलांतून नुकताच मुक्त झाला होता. इकडे पुणें क्लबच्या मैदानावर रणजी करंडकासाठीं महाराष्ट्राचा संघ काठेवाडशीं खेळत होता. काठेवाडचा डाव २३८ धांवांत आटोपला. त्यावर महाराष्ट्रानें चार गडी गमावून ८२६ धांवा उभारल्या. भाऊसाहेब निंबाळकर यांनीं ४९४ मिनिटें खेळून त्यांपैकीं एकट्यानें ४४३ धांवा काढल्या आणि ते नाबाद होते. प्रथम दर्जाच्या सामन्यांतील तेव्हांचा उच्चांक ४५२ धांवांचा होता. तो डॉन ब्रॅडमन यांनीं १९३० च्या जानेवारींत सिडनी येथें केला होता. निंबाळकर त्याच्यापासून केवळ नऊ धांवांवर येऊन ठेपले होते. नेमक्या त्याच वेळीं, तिसऱ्या दिवशींच्या मध्यंतरांत, काठेवाडचे कप्तान राजकोटचे ठाकोरसाहेब यांनीं पुढें खेळण्यास नकार दिला आणि सामना सोडून दिला.

या निर्णयावर टीकेचा जो वर्षाव झाला, तो अजूनहि ओसरलेला नाहीं. ठाकोरसाहेबांच्या बाजूनें एवढेंच म्हणतां येईल कीं, ५८८ धांवांनीं मागें पडलेल्या संघाला जिंकण्याची आशा उरली नव्हती, आणि थकलेल्या खेळाडूंना दिवसभर चेंडूमागें धांवडविण्यांत कोणताहि डाव साधत नव्हता. एरवीं हें म्हणणें कोणीहि ऐकून घेतलें असतें. परंतु जें दहा मिनिटांत संपणार होतें तें नाकारण्यानें काठेवाडचें काय वांचलें, या प्रश्नाला उत्तर नाहीं. नकोशा विक्रमाच्या नोंदींत आपल्या संघाचें नांव येऊं नये, असा हेतु असेल, तर तोहि सिद्धीस गेला नाहीं. काठेवाडच्या त्या संघाचें नांव आज घेतलें जातें तें या नकारापुरतेंच. निंबाळकर यांना कसोटी सामना खेळण्याची संधि आयुष्यांत मिळाली नाहीं. त्यांचा ४४३ धांवांचा डाव मात्र प्रथम दर्जाच्या सामन्यांतील भारतीय खेळाडूचा सर्वांत मोठा डाव म्हणून नोंदला गेला, आणि २०१२ सालीं त्यांचें निधन झालें तेव्हांहि तो मान त्यांच्याकडेच होता. येथें निकालाचा प्रश्नच नव्हता. सामना काठेवाडनें आधींच गमावला होता. तरीहि निर्णय चुकीचा होता, आणि तो निकालाकडे न पाहतां चुकीचा ठरवितां येतो.

त्याच हंगामांत, १९४९ च्या मार्चमध्यें, पुण्यांतच याच्या अगदीं उलट प्रसंग घडला. रणजी करंडकाच्या उपान्त्य सामन्यांत मुंबईनें पहिल्या डावांत ६५१ धांवा केल्या. महाराष्ट्राचा डाव ४०७ वर संपला. मुंबईकडे २४४ धांवांची आघाडी होती. महाराष्ट्राला लागोपाठ दुसऱ्यांदां फलंदाजीस उतरविण्याचा, म्हणजे फॉलो-ऑनचा, अधिकार तिला होता. तो न वापरतां मुंबईनें स्वतःच पुन्हां फलंदाजी घेतली, आठ गड्यांच्या मोबदल्यांत ७१४ धांवांवर डाव सोडला, आणि महाराष्ट्रापुढें ९५९ धांवांचें डोंगराएवढें लक्ष्य ठेविलें. महाराष्ट्र ३५४ धांवांनीं हरला. सामन्यांत एकूण २,३७६ धांवा आणि नऊ शतकें झालीं. मधुसूदन रेगे यांनीं महाराष्ट्राकडून, आणि उदय मर्चंट व दत्तू फडकर यांनीं मुंबईकडून, दोन्ही डावांत शतकें झळकाविलीं.

मुंबई जिंकली, म्हणून फॉलो-ऑन न दिल्याबद्दल तिच्या कप्तानाला कोणी जाब विचारीत नाहीं. परंतु अशा निर्णयामागें जो नेहमींचा तर्क असतो, कीं खेळपट्टी शेवटीं खराब होईल व प्रतिपक्ष चौथ्या डावांत कोसळेल, तो येथें फळाला आला नाहीं. महाराष्ट्रानें त्या चौथ्या डावांत ६०४ धांवा केल्या. फॉलो-ऑन मिळून महाराष्ट्रानें तेवढ्याच धांवा केल्या असत्या, तर मुंबईला विजयासाठीं ३६१ धांवा काढाव्या लागत्या. तें कठीण, पण अशक्य नव्हतें. तात्पर्य, तर्क खरा ठरला नाहीं, तरी विजय हातीं आला, आणि विजयानें तर्काची झडती चुकविली.

तिसरा प्रसंग वेस्ट इंडीजमधील किंग्स्टनचा. १९७१ च्या फेब्रुवारींत अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय संघ तेथें पहिला कसोटी सामना खेळत होता. पहिला दिवस पावसानें वाया गेला. गोमंतकांत जन्मलेल्या दिलीप सरदेसाई यांच्या २१२ धांवांच्या बळावर भारतानें ३८७ धांवा केल्या आणि वेस्ट इंडीजला २१७ धांवांत गुंडाळलें. आघाडी १७० ची. पांच दिवसांच्या सामन्यांत फॉलो-ऑनसाठीं २०० धांवांची आघाडी लागते. परंतु पहिला संपूर्ण दिवस बुडाला असल्यास सामना चार दिवसांचा मानून १५० ची आघाडी पुरते. वाडेकरांनीं हा नियम लक्षांत ठेविला होता, आणि त्यांनीं गॅरी सोबर्स यांच्या संघाला पुन्हां फलंदाजीस उतरविलें. कन्हाय यांनीं दीड शतक ठोकलें आणि सामना अनिर्णित राहिला. निकालाच्या रकान्यांत या निर्णयाचें फळ शून्य. परंतु ज्या संघाला भारतानें तोंपर्यंत एकाहि कसोटींत हरविलें नव्हतें, त्याला फॉलो-ऑन घ्यावा लागला, ही गोष्ट लहान नव्हती. पुढच्याच सामन्यांत पोर्ट ऑफ स्पेन येथें भारत जिंकला, आणि ती मालिकाहि भारतानें जिंकली.

या तिन्ही प्रसंगीं निर्णय घेणारा कप्तान स्वतः खेळाडूंपैकीं एक होता, आणि जे अकरा गडी घेऊन तो सामन्यांत उतरला त्यांच्यावरच त्याला भागवावें लागत होतें. अमेरिकेच्या बेसबॉल या खेळांत मात्र निराळी व्यवस्था आहे. तेथें संघाचा व्यवस्थापक मैदानाबाहेर बसतो आणि वाटेल तेव्हां एक गडी काढून दुसरा पाठवितो. बाहेर आलेला गडी त्या सामन्यांत पुन्हां उतरूं शकत नाहीं. त्यामुळें सामन्याच्या उत्तरार्धांत चेंडू फेंकणारा गडी केव्हां बदलावा, हा त्या देशांतील घरोघरचा वादविषय होऊन बसला आहे. २७ ऑक्टोबर २०२० रोजीं तेथील विश्वमालिकेच्या सहाव्या सामन्यांत टँपा बे संघ एका धांवेनें पुढें होता. त्याच्या ब्लेक स्नेल या खेळाडूनें ७३ चेंडूंत नऊ जणांना बाद केलें होतें आणि एकहि धांव दिली नव्हती. तरीहि व्यवस्थापक केव्हिन कॅश यांनीं त्याला सहाव्या डावांत बाहेर बोलाविलें. एकाच गड्याचे चेंडू फलंदाज तिसऱ्या फेरींत खेळूं लागले म्हणजे त्यांचे फटके अधिक बसतात, असा आंकडेवारीचा आधार त्यामागें होता. बदली गडी येतांच लॉस एंजेलिसनें धांवा केल्या आणि ३–१ असा सामना व त्याबरोबर मालिकाहि जिंकली. कॅश यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. स्नेलला ठेविलें असतें व तोच फटकावला गेला असता, तर हेच टीकाकार उलट बोलले असते, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं.

क्रिकेटमध्यें असा बदल करण्याची मुभा भारतांतील लीग सामन्यांत २०२३ सालापासून मिळाली. नाणेफेकीच्या वेळीं अकरा खेळाडूंबरोबर पांच राखीव खेळाडूंचीं नांवें द्यावयाचीं, आणि त्यांतील एकाला सामन्याच्या ओघांत अकरांपैकीं कोणाच्याहि जागीं आणावयाचें, असा हा नियम आहे. बाहेर गेलेला गडी परत येऊं शकत नाहीं. या राखीव गड्याला ‘इम्पॅक्ट प्लेअर’ असें नांव मिळालें. बेसबॉलच्या व्यवस्थापकाची डोकेदुखी अशा रीतीनें क्रिकेटच्या कप्तानाकडे आली.

या नियमाखालील पहिला लीग सामना ३१ मार्च २०२३ रोजीं अहमदाबादला झाला. चेन्नई आणि गुजरात हे संघ समोरासमोर होते. चेन्नईचे कप्तान महेंद्रसिंग धोनी. याच सामन्यांत धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरनें लीगमध्यें पदार्पण केलें. भवानीच्या स्थानामुळें तुळजापूर सर्वश्रुत आहे. वेगवान गोलंदाजांसाठीं तें कधीं प्रसिद्ध नव्हतें. निंबाळकर ज्या महाराष्ट्र संघाकडून खेळले, त्याच संघाचा हा वीस वर्षांचा खेळाडू. २०२२ सालीं एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघांत तो होता.

चेन्नईनें सात गडी गमावून १७८ धांवा केल्या. त्यांत पुण्याच्या ऋतुराज गायकवाडच्या ५० चेंडूंतील ९२ धांवा होत्या. डाव संपल्यावर धोनी यांनीं अंबाती रायुडू या फलंदाजाला बाहेर ठेवून कल्याणचा वेगवान गोलंदाज तुषार देशपांडे याला आणलें. या नव्या नियमाचा लीगमधील हा पहिला उपयोग होता. गुजरातनें आपला राखीव गडी अगदीं निराळ्या कारणानें वापरला. क्षेत्ररक्षण करतांना केन विल्यमसन यांच्या गुडघ्याला दुखापत झाली, म्हणून त्यांच्या जागीं साई सुदर्शनला उतरवावें लागलें. एकीकडे विचारपूर्वक केलेला बदल, दुसरीकडे अपघातानें लादलेला. गुजरात जिंकलें, आणि पहिल्या बदलावर दोषांचा वर्षाव झाला.

या दोषारोपाची छाननी आंकड्यांनींच केलेली बरी. गुजरातच्या डावाचीं सतरा षटकें झालीं, तेव्हां रवींद्र जडेजा व मिचेल सँटनर या दोघां फिरकी गोलंदाजांचीं चार-चार षटकें संपलेलीं होतीं. हंगरगेकर, दीपक चाहर आणि देशपांडे यांचें प्रत्येकीं एक षटक शिल्लक होतें. तीन षटकें, तीन गोलंदाज. कोणी आधीं टाकावें आणि कोणी मागून, एवढीच निवड उरली होती. धोनी यांनीं अठरावें षटक हंगरगेकरला दिलें. त्यानें आधीं वृद्धिमान साहा व सुदर्शन यांना बाद केलें होतें. या षटकांत त्यानें खेळपट्टीवर स्थिरावलेल्या विजय शंकरला बाद केलें. चार षटकांत ३६ धांवा आणि तीन गडी, अशी त्याची कामगिरी झाली. आतां १२ चेंडूंत २३ धांवा हव्या होत्या. चाहरनें आपल्या पहिल्या तीन षटकांत अवघ्या १४ धांवा दिल्या होत्या, म्हणून एकोणिसावें षटक त्याच्याकडे गेलें. नुकताच आलेल्या रशीद खाननें त्याला एक षटकार व एक चौकार मारला आणि त्या षटकांत १५ धांवा निघाल्या. शेवटच्या षटकांत आठ धांवांची गरज उरली. चेंडू देशपांडेकडे आला. राहुल तेवतियानें एक षटकार व एक चौकार मारून चार चेंडू राखून सामना संपविला.

टीकाकारांचा आक्षेप असा कीं, तीन षटकांत सुमारें चाळीस धांवा दिलेल्या देशपांडेला शेवटासाठीं राखणें चूक होतें. त्यापेक्षां हंगरगेकरचें षटक मागें ठेवावयास हवें होतें. परंतु देशपांडेचें तें षटक अठरावें किंवा एकोणिसावें केलें असतें, तरी तें कोठें नाहींसें होणार नव्हतें. तेवतिया तेव्हांहि समोरच होता. शंकरचा अडसर दूर केल्यावांचून शेवटच्या षटकापर्यंत सामना पोंचलाच नसता, हें उघड आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मोईन अली हा फिरकी गोलंदाज अकरांत असतांना त्याला एकहि षटक मिळालें नाहीं, आणि त्याच्यामुळें पांच गोलंदाज आधींच पुरे होत होते. मग देशपांडेला आणलें कशाला? यावर उत्तर असें कीं, रात्रीच्या सामन्यांत दंव पडूं लागलें म्हणजे फिरकी गोलंदाजाच्या बोटांतून चेंडू निसटतो, आणि ज्याच्या हातीं वेग आहे असा आणखी एक गोलंदाज जवळ असणें शहाणपणाचें ठरतें. शिवाय गुजरातचा सर्वांत धोकादायक फलंदाज शुभमन गिल, ज्यानें ३६ चेंडूंत ६३ धांवा केल्या होत्या, तो देशपांडेनेंच बाद केला. दोन्ही पक्षांस थोडा थोडा आधार आहे. धोनी यांनीं स्वतः सामन्यानंतर बोट ठेविलें तें फलंदाजीवर. आणखी पंधरा-वीस धांवा हव्या होत्या, असें त्यांचें मत पडलें. शेवटच्या षटकांत दिसणारी उणीव पुष्कळदां पहिल्या डावांतच निर्माण झालेली असते, हें जाणत्या कप्तानाचें निदान होय.

या वादाचा उत्तरार्ध दोन महिन्यांनीं, त्याच मैदानावर, त्याच दोन संघांत घडला. पावसानें लांबलेला अंतिम सामना २९ मे रोजीं सुरू झाला आणि मध्यरात्र उलटल्यावर संपला. चेन्नईपुढें १५ षटकांत १७१ धांवांचें लक्ष्य होतें. शेवटच्या षटकांत १३ धांवा हव्या असतां गुजरातचे कप्तान हार्दिक पंड्या यांनीं अनुभवी मोहित शर्माला चेंडू दिला. त्यानें पहिल्या चार चेंडूंत अवघ्या तीन धांवा दिल्या. नंतर बाहेरून त्याच्यासाठीं पाणी आलें आणि त्याच्याशीं बोलणें झालें. पुढच्या दोन चेंडूंवर जडेजानें षटकार व चौकार मारून सामना जिंकला. ज्याची लय बसली होती त्या गोलंदाजाला मध्येंच अडविल्याबद्दल सुनील गावसकर यांनीं टीका केली. त्यांत तथ्य असूं शकेल. तरी जडेजाचा शेवटचा फटका क्षेत्ररक्षकाच्या हातीं गेला असता, तर तेंच पाणी व तेंच बोलणें दूरदृष्टीचें म्हणून वाखाणलें गेलें असतें.

देशपांडेविषयीं एक गोष्ट येथें नमूद करणें न्यायाचें होईल. पहिल्या सामन्यांत ज्याच्या निवडीला चूक म्हटलें गेलें, त्यानें त्या हंगामांत चेन्नईकडून सर्वांत अधिक, म्हणजे २१, गडी बाद केले. ज्या संघानें करंडक जिंकला त्याचा तो प्रमुख गोलंदाज ठरला. एका रात्रीच्या निकालावरून त्याला वगळलें असतें, तर हे गडी कोणी बाद केले असते, हा विचार टीकाकारांनीं करावयास हवा. उलट, त्या रात्रीं सर्वांच्या प्रशंसेस पात्र झालेल्या हंगरगेकरला पुढील सामन्यांत फारशी संधि मिळाली नाहीं. निवडीच्या निर्णयाला एका सामन्याचें माप पुरत नाहीं, हें दोघांच्याहि उदाहरणांवरून दिसतें.

तेव्हां कप्तानाचा निवाडा करूं पाहणाऱ्यानें प्रथम हें विचारावें कीं, निर्णयाच्या क्षणीं त्याच्यापुढें कोणते मार्ग खुले होते, त्याला काय ठाऊक होतें, आणि उरलेल्या मार्गांपैकीं कोणता अधिक बरा होता. या कसोटीला ठाकोरसाहेब उतरत नाहींत, कारण त्यांच्यापुढें निरुपद्रवी असा दुसरा मार्ग सरळ मोकळा होता. वाडेकर उतरतात, जरी त्यांचा सामना अनिर्णित राहिला. मुंबईच्या कप्तानाला निदान प्रश्न तरी विचारला पाहिजे, जरी तो जिंकला. आणि अहमदाबादच्या त्या रात्रीं तीन गोलंदाज व तीन षटकें उरलीं असतां, स्थिरावलेली जोडी फोडण्याचें काम पहिलाच सामना खेळणाऱ्या तुळजापूरच्या तरुणाकडे सोंपविण्यांत आलें व त्यानें तें केलें. पराभवाच्या नोंदींत ती गोष्ट बारीक अक्षरांत गेली. पण निर्णय म्हणून ती खणखणीत होती.